पाच जूनच्या आधीचे शंभर दिवस

सुरुवातीलाच एक आकडा सांगतो. ५१ पैकी १९. हा कुठल्या विषयाचा निकाल नाही (मॅथ्सचा कधी कधी असाच लागतो, पण तो वेगळा लेख). गेल्या वर्षी ५ जूनला आपल्या कॉलेजात मोठ्या थाटात ५१ रोपं लावली. पाहुणे आले, फीत कापली, फोटो निघाले. त्यातला एक फोटो अजून ऑफिसबाहेरच्या बोर्डावर आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझा रूम पार्टनर संध्याकाळी फिरता फिरता सहज रोपं मोजायला लागलो. जिवंत १९. बाकी ठिकाणी वाळक्या काटक्या, काही ठिकाणी नुसते खड्डे. पाट्या मात्र ५१ च्या ५१ जागेवर! पत्र्याच्या, ऑइलपेंट मारलेल्या, झाडाचं नाव आणि लावणाऱ्याचं नाव लिहिलेल्या. उन्हाळ्यात पत्रा जगतो, झाड जगत नाही, एवढं तरी त्यातून सिद्ध झालं.

कुणाला दोष द्यायला हा लेख लिहीत नाही. त्या ५१ मधलं एक रोप मी स्वतः लावलं होतं. कडुनिंबाचं. ते मेलेल्यांत आहे. जुलैपासून मार्चपर्यंत मी त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं, आणि वर्कशॉपला जायचा माझा रस्ता रोज त्याच्या शेजारूनच जातो. तेव्हा आधी स्वतःची केटी मान्य करतो आणि मग पुढे बोलतो.

माझं म्हणणं साधं आहे. आपण बागकामाचे सगळे सोहळे चुकीच्या महिन्यात ठेवलेत. ५ जून हा पर्यावरण दिन का? तर १९७२ साली स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद त्या दिवशी सुरू झाली म्हणून. वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात. तो १९५० साली तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी सुरू केला, आणि पावसाच्या तोंडावर लावणी हा त्यातला विचार बरोबरच होता. आपल्या कोल्हापुरात गार्डन्स क्लबचं पुष्पप्रदर्शन भरतं ते हिवाळ्यात, कारण गुलाब, शेवंती, डेलिया तेव्हाच ऐन भरात असतात. म्हणजे पावसाळ्यात लावायचा सोहळा आणि हिवाळ्यात बघायचा सोहळा. आणि उन्हाळ्यात? उन्हाळ्यात काहीच नाही. फूल नाही, पाऊस नाही, पाहुणे नाहीत, पोरं सबमिशन आणि ओरल्समध्ये अडकलेली, आणि मग सगळे घरी. नेमक्या याच दिवसांत झाडाची खरी परीक्षा असते आणि सुपरवायझर गायब!

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. माझ्या आज्जीचं आहे. मी मूळचा गडमुडशिंगीचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: करवीर तालुक्यातलं गाव, एका अंगाला गांधीनगरची कापडाची बाजारपेठ, एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, आणि पलीकडे गोकुळ शिरगावची एमआयडीसी. विमानतळाच्या विस्तारासाठी गावची जमीन गेली, रस्त्याकडेला दुकानं आणि गाळे वाढले. ज्यांच्या मळ्या होत्या त्यांच्याकडे आता घरामागचं परडं राहिलंय, आणि काहींकडे तेही नाही, नुसती स्लॅब. तेव्हा आमच्या गावात 'होम गार्डनर' म्हणजे कोणी हौशी मंडळी नव्हेत, हात मातीतून निघायला तयार नसलेली माणसं.

आज्जीचं परडं फार तर दोन खोल्यांएवढं असेल. एक शेवगा, कढीपत्ता, केळीचं बेट, न्हाणीच्या तोंडाशी अळू, कुंपणावर दोडका आणि घेवडा, जास्वंद, अबोली आणि एक म्हातारी डाळिंब. पाणी आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच, तेही उन्हाळ्यात मागेपुढे होतं. तरी एप्रिलमध्ये त्या परड्यात पाय टाकला की गार वाटतं. मी तिला आमच्या ५१ रोपांची कथा सांगितली. ती हसली आणि म्हणाली, "रोप लावायला काय अक्कल लागती रं? पाऊस असला की काटकीबी फुटती. उन्हाळ्यात जगवून दाव."

तिच्या परड्यात उघडी माती दिसत नाही, हे मला यंदा पहिल्यांदा लक्षात आलं. इतकी वर्षं तिथेच खेळलो, पण डोळे नव्हते. सगळीकडे उसाचं पाचट, वाळका पाला, शेंगांची टरफलं पसरलेली. न्हाणीचं पाणी वाया जात नाही, ते अळू आणि केळीला जातं. तांदळाचं धुवण जास्वंदीला. चुलीची राख मावा पडलेल्या घेवड्यावर. डाळिंबीच्या बुडाशी गळ्यापर्यंत पुरलेलं एक मडकं आहे, वर परळ झाकलेलं. दोन दिवसांनी एकदा भरायचं, बस्स. आणि अक्षय्य तृतीयेला, म्हणजे एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये, कोल्हापूर भट्टीसारखं तापलेलं असताना, ती दोडक्या-भोपळ्याची आळी करते. शेणखत, राख आणि पाला भरून ठेवते, एखादा वळीव पडला की बी टोकते. म्हणजे उन्हाळ्यातला बागकामाचा सोहळा आपल्या पंचांगात होताच की! त्याच दिवशी पाण्याने भरलेला घडा दान द्यायची रीत आहे. देवळात पिंडीवर गळती लावतात तीही याच दिवसांत: वर टांगलेलं भांडं, बुडाला बारीक छिद्र, थेंब थेंब पाणी. ठिबक सिंचनावर सेमिनार देणाऱ्यांनी पहिल्या स्लाइडवर ते चित्र टाकायला हरकत नाही.

आता आपल्या कॅम्पसकडे या. मोठमोठी झाडं आपल्याकडे कमी नाहीत, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचा पाला पडतो तो ढिगांनी. त्याचं आपण काय करतो? रोज सकाळी झाडून कोपऱ्यात नेतो आणि काडी लावतो. सकाळी साडेसातला हॉस्टेलच्या मागच्या खिडक्यांतून जो धूर आत येतो तो तोच. एकदा मी न राहवून माळीमामांना विचारलं, "मामा, जाळताय कशाला? खत होईल की."

"व्हईल की. पर खड्डा कुठं काढू? मैदान चकाचक पायजे म्हणत्यात. उद्या पावनं येणार हाईत म्हणं."

मामांचं काय चुकलं? त्यांना जे सांगितलंय ते ते करतात. पण गंमत बघा, ज्या आठवड्यात पाला जळत होता त्याच आठवड्यात बागेसाठी शेणखताची एक ट्रॉली आणि लाल मातीची पोती विकत आली. मेकॅनिकलवाल्यांनी याचा एनर्जी बॅलन्स मांडून बघावा. कार्बन जाळून हवेत सोडायचा, आणि मग डिझेल जाळून दुसऱ्याचा कार्बन विकत आणायचा! आणि ती लाल माती येते कुठून? कुठला तरी डोंगर, कुठलं तरी शेत खरवडूनच येते. आपली कुंडी हिरवी व्हावी म्हणून दुसऱ्याची जमीन उघडी. याला 'इको-फ्रेंडली' म्हणायचं असेल तर मग शब्दच बदललेला बरा.

ऊस तुटला की शेतात पाचट पेटवतात, आणि त्या धुरावर आपण मेसमध्ये भाषणं ठोकतो. एका हेक्टरात आठ-दहा टन पाचट निघतं. कृषी खातं वर्षानुवर्षं सांगतंय की ते जाळू नका, खोडव्याला आच्छादन करा. काही शेतकरी ऐकतात, काही नाही, आणि जे ऐकत नाहीत त्यांच्यापाशी मजुरीची आणि वेळेची खरी अडचण असते. आपल्यापाशी कुठली अडचण आहे? उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंदी घातली, हे सिव्हिलच्या पोरांनी परीक्षेत लिहून मार्क घेतलेत. लिहिताना खिडकीतून धूर येत होता, एवढंच.

इथे एका माणसाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. श्री. अ. दाभोळकर. डॉ. नरेंद्र दाभोळकरांचे थोरले बंधू, आपल्याच जिल्ह्यात गारगोटीला मौनी विद्यापीठात गणित शिकवायचे. शेतीची पदवी नाही, काही नाही, गणिताचा मास्तर! पण त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. जो तो आपल्या शेतात, परसात, गच्चीत प्रयोग करणार, नोंदी ठेवणार आणि एकमेकांना सांगणार. तासगावच्या द्राक्षवाल्यांनी याच पद्धतीने एकमेकांकडून शिकत बागा वाढवल्या. दहा गुंठ्यांत एक कुटुंब चांगलं जगू शकतं हे त्यांनी हिशेब मांडून सांगितलं. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचं पुस्तक. हाती लागलं तर जरूर वाचा, नोट्ससारखं नव्हे, सावकाश.

त्यांचा मुद्दा इंजिनियरला पटकन कळावा असा आहे. झाड मातीतून बनत नाही, ते मुख्यतः ऊन, हवा आणि पाणी यांतून बनतं. पान हा सोलर पॅनल. तेव्हा बाग मोजायची ती चौरस फुटात किती जमीन आहे यावर नव्हे, तर पानांचं क्षेत्रफळ किती आणि त्यावर ऊन किती पडतं यावर. आणि माती? माती विकत आणायची गोष्ट नाही, ती करायची गोष्ट आहे. वाळका पाला शेण, गोमूत्र आणि थोड्या गुळाच्या पाण्यात भिजवायचा, थर द्यायचे, कुजू द्यायचं, वर मिश्र बिया पेरून त्या कोवळ्या असताना कापून पुन्हा तिथेच घालायच्या. चार-पाच महिन्यांत जी काळी, भुसभुशीत, पावसाच्या वासाची माती होते तिला या मंडळींनी 'अमृत माती' नाव दिलं. जो पाला आपण रोज सकाळी पेटवतो तो त्यांच्या हिशेबात कच्चा माल आहे.

"हे गावात ठीक आहे, मोठ्या संस्थेत जमत नाही," असं कोणी म्हणेल म्हणून मुंबई पोर्ट ट्रस्टचं उदाहरण. त्यांच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे तीन हजार कामगारांचं जेवण बनायचं. तिथल्या कॅटरिंग ऑफिसर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास त्याच स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग सुरू केली. बाहेरून माती आणून ओतली नाही. भाजीची देठं-सालं, वाळका पाला, उसाची चिपाडं. चिपाडांवर गच्चीत भाजी घेण्याचं तंत्र मुंबईतच वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशींनी आधी रुजवलेलं होतं, आणि मातीचा विचार दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून आलेला. म्हणजे गारगोटीचा विचार मुंबईच्या बंदरावर पोचला, फळाला आला, आणि तिथून पन्नास किलोमीटरवरच्या आपल्या मेसपर्यंत येता येईना! (गारगोटी आपल्यापासून तेवढीच असावी. एसटीने मात्र जास्त वाटते.) चिपाडासाठी त्यांना मुंबईत रसवंतीवाल्यांच्या मागे लागावं लागत असेल. आपल्याकडे गेटसमोर दोन रसवंत्या आहेत आणि चिपाडांचा ढीग कुठे टाकायचा हा त्यांना प्रश्न आहे.

पुण्यातही २०१६ पासून अदिती देवधर यांचा 'ब्राउन लीफ' उपक्रम आहे. कल्पना इतकी साधी की आपल्याला कशी सुचली नाही याची लाज वाटावी. ज्यांच्याकडे वाळका पाला जास्त आहे ते आणि ज्यांना बागेसाठी तो हवा आहे ते, यांची गाठ घालून द्यायची. झालं. पोत्यात भरलेला पाला एका सोसायटीतून दुसऱ्याच्या गच्चीवर जातो, जाळायची वेळ येत नाही.

मला तर वाटतं उन्हाळ्यातल्या बागेसाठी एकच गोष्ट करायची असेल तर ती म्हणजे माती झाकणं. बाकी सगळं नंतर. हॉस्टेलच्या गच्चीवर मी दोन फुटक्या बादल्यांत सारखीच माती भरली, सारखंच पाणी घातलं. एकीवर तळहाताएवढा जाड पाल्याचा थर, दुसरी उघडी. उघडीची माती दुसऱ्या दिवशी दुपारी भेगाळली. झाकलेलीत चौथ्या दिवशी बोट घातलं तर खाली ओल होती. याला काही पेपर प्रेझेंटेशन म्हणत नाहीत, पण कुणीही करून बघावं. एक मिलिमीटर पाणी उडालं म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर गेलं, हा हिशेब डोक्यात ठेवला की उघडी माती म्हणजे उघडा नळ आहे हे पटतं. फक्त पाला बुंध्याला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा, नाहीतर वाळवी आणि कुज दोन्ही येतात. थोडी निंबोळी पेंड मिसळली तर वाळवी दूर राहते.

पाणी रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी एकदा पण सावकाश आणि खोल द्यावं, म्हणजे मुळं पाण्याच्या मागे खाली जातात. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि एक दिवस चुकला की झाड बसतं. आळं बुंध्याशी नको, पानांचा घेर जिथे संपतो त्या रेषेवर हवं. आणि भर दुपारी पानं मलूल दिसली म्हणून धावत बादली आणू नका. कित्येक झाडं दुपारी मान टाकतात आणि संध्याकाळी आपसूक ताठ होतात. संध्याकाळी मातीत बोट घालून बघा, कोरडी लागली तर पाणी.

सुट्टीत घरी कुंड्या टाकून जाणाऱ्यांसाठी आणि आपल्या रोपांसाठीही आज्जीचं मडकं सगळ्यात उत्तम. मडकं न भाजलेलं नव्हे, भाजलेलं पण बिनरंगाचं, बिनचकाकीचं. मातीत ओल कमी झाली की पाणी आपोआप बाहेर ओढलं जातं, ओल असली की थांबतं. व्हॉल्व्ह नाही, सेन्सर नाही, आर्डुइनो नाही! चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथात ही युक्ती लिहिलेली आहे. जुना माठ वापरणार असाल तर त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. मग बुडाला बारीक भोक पाडून सुती चिंधीची वात ओवायची. वर झाकण हवंच, नाहीतर डासांची सोय होते. मडकं नसेल तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला वात लावून ती उलटी पुरली तरी चार-पाच दिवस निभतं. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि कुंड्या मात्र उन्हात इतक्या तापतात की मुळं शिजतात. त्या पोत्यात गुंडाळा किंवा एकमेकींना चिकटवून सावलीत ठेवा.

वापरलेलं पाणी म्हटलं की पोरं उत्साहाने कपड्याचं पाणी ओततात. नको. कपडे धुवायच्या पावडरीतले क्षार मातीत साठतात आणि तीच माती पुढे दगड होते. आंघोळीचं पाणी केळ, अळू, कर्दळीला चालतं. आपल्या मेसच्या आरओ मशीनमधून एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी गटारात जातं, त्याचं काय करावं हा चांगला प्रश्न आहे. ते खारट असतं, तेव्हा सरळ कुंड्यांना घालण्याआधी सिव्हिलच्या लॅबमध्ये टीडीएस बघावा. मोठ्या झाडांना साध्या पाण्यात मिसळून चालून जाईल, नाहीतर व्हरांडे धुवायला तरी वापरावं. कॉम्प्युटर लॅबच्या एसीचं ठिबकणारं पाणी मात्र बिनक्षाराचं. ते भिंतीवर शेवाळ वाढवतंय त्याऐवजी एका ड्रममध्ये घेतलं तर कितीतरी रोपं जगतील.

उन्हाळ्यात खतांचा मारा, छाटणी, कुंडी बदलणं हे सगळं बंद. तापात माणसाला पुरणपोळी घालत नाहीत. कीड दिसली तर निंबोळी: पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात, सकाळी गाळून एक लिटर करायचं, चिमूटभर साबण टाकून संध्याकाळी फवारायचं. निंबोळ्या मे-जूनमध्ये फुकट पडतात. त्या गोळा करून ठेवायला कोणी अडवलेलं नाही. बाजारात 'ऑरगॅनिक' लिहिलेली चकचकीत बाटली घेण्याआधी निदान झाडाखाली तरी बघावं. माझा एकूणच या 'इको-फ्रेंडली किट'वर विश्वास नाही. प्लास्टिकच्या डब्यात, थर्माकोलमध्ये पॅक करून, कुरिअरने आलेलं बी आणि कोकोपीटची वडी. बी चांगलं असेलही. पण त्याने शिकायला मिळतं ते विकत घ्यायला.

आता आक्षेप. रेक्टर सरांशी बोललो तेव्हा त्यांनी तीन सांगितले आणि तिन्ही खरे आहेत. पाल्याच्या ढिगात साप-विंचू येतात. वास येतो. आणि कोणीतरी सिगारेट टाकली तर आग लागते. पहिल्यावर: मोकाट ढीग नको, विटांची किंवा जाळीची चौकट, वसतिगृहापासून लांब, आणि आठवड्याला उलथापालथ, हललेल्या ढिगात साप घर करत नाही. दुसऱ्यावर: वास येतो तो ओलं जास्त आणि वाळलेलं कमी झाल्यावर. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण पंचवीस-तीसास एक हवं. म्हणजे मोजमाप सोडा, एक बादली भाजीची देठं-सालं तर दोन-तीन बादल्या पाला. मेसचं खरकटं अजिबात नको, तेल-मीठ-मसाला कुजतो आणि उंदीर बोलावतो. ढीग बरोबर लागला तर आतलं तापमान पन्नास-साठ अंशांपर्यंत चढतं. थर्मोकपल खुपसून आलेख काढा, मिनी प्रोजेक्टच होतोय. तिसऱ्यावर: ढीग ओला ठेवला तर पेटत नाही. आणि सर, सिगारेटचं म्हणाल तर आग आत्ताही रोज लागतेच आहे, फक्त आपण ती स्वतः लावतो.

चौथा आक्षेप माझ्याच मित्राचा. "भावा, मेमध्ये हॉस्टेल रिकामं. कोण घालणार पाणी? झाडं काय सिलॅबसमध्ये आहेत का?" याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. अजूनही अर्धवटच आहे. झाडाला सुट्टी नसते आणि आपल्याला असते, ही खरी अडचण आहे. म्हणूनच मला वाटतं ५१ लावूच नयेत. दहा लावावीत. जेवढी मडकी पुरता येतील आणि जेवढी नावं पाण्याच्या यादीत मिळतील तेवढीच. सोहळा करायचाच असेल तर तो फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात करा. ५ जूनच्या आधी बरोबर शंभर दिवस, २५ फेब्रुवारी. पाहुण्यांना बोलवा, फावडं त्यांच्या हातात द्या, मागच्या वर्षीच्या जिवंत रोपांची आळी करायला लावा, पाला पसरायला लावा, मडकं पुरायला लावा. फोटो काढा की, कोण नको म्हणतंय? आणि मग ५ जूनला दुसरा कार्यक्रम: किती जगली त्याची यादी बोर्डावर. पाटीवर लावणाऱ्याचं नाव असतं, तिथे जगवणाऱ्याचं लिहा. स्टाफपैकी जे कोल्हापुरातच राहतात आणि ज्यांच्या घरी बागा आहेत (काही मॅडमच्या गच्च्या मी पाहिल्यात, आमच्या आज्जीला दाखवाव्यात अशा), त्यांनी ती यादी तपासावी. कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रातून एखाद्या तज्ज्ञाला बोलवावं. ते आमच्या गावापासून लांब नाही, कॉलेजच्या बसने जाऊन येता येईल.

या वर्षीचा २५ फेब्रुवारी तर गेला. पण १९ झाडं अजून उभी आहेत: कॅन्टीनमागची दोन आंब्याची, वर्कशॉपच्या रांगेत सात, लेडीज हॉस्टेलच्या भिंतीला पाच, बाकीची पार्किंगकडे. गेल्या रविवारी आम्ही पाच जणांनी सगळ्यांना आळी केली आणि मामांना सांगून सहा पोती पाला जाळण्याआधी पळवला. मामा हसत होते, पण पोती त्यांनीच धरली. गावाकडून अकरा मडकी आणलीत, आठ अजून हवीत. परीक्षेपर्यंत आम्ही आहोत. १५ मे ते १० जून या दिवसांसाठी मात्र चारच नावं मिळालीत, त्यातलं एक माझं; मी गडमुडशिंगीहून दर तिसऱ्या दिवशी सायकलने येईन. ज्यांची घरं जवळ आहेत किंवा जे प्रोजेक्टसाठी थांबणार आहेत त्यांनी गेटवरच्या वॉचमनमामांकडे ठेवलेल्या वहीत नाव लिहावं. बादली आणि तांब्या त्यांच्या केबिनमागे आहे. वर्कशॉपच्या रांगेतलं शेवटचं बकुळीचं रोप जरा नाजूक आहे, त्याला आधी पाणी.